कावळे हाकलण्याचा अभ्यासक्रम

अहिल्यानगर जिल्ह्यात (सरकारदरबारी २०२४ पासून हेच नाव, एसटीच्या कंडक्टरकडे मात्र लोक अजून नगरचंच तिकीट मागतात) एप्रिल-मे महिन्यांत साडेतीन वर्षांच्या माणसाने घराबाहेर पडावं अशा वेळा दोनच. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळेवर उन्हाचा ताबा असतो. पारा चाळिशी ओलांडतो, डांबर चप्पल धरून ठेवतं आणि बागेतली पत्र्याची घसरगुंडी एकच धडा देते, पण तो बुडाला कायमचा लक्षात राहतो.

यात लाड काही नाहीत. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, म्हणून अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. घाम कमी येतो. शिवाय खेळात रंगलं की तहान लागलीय हेच त्याला कळत नाही. ते दुसऱ्याने 'पाणी पी' म्हणून ओरडून कळवावं लागतं. तेव्हा बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी उन्हाळ्यात घराबाहेरचं जे काही शिक्षण करायचं, ते या दोन वेळांत बसवायचं. पण सकाळच्या वेळेला मूल आदल्या रात्रीच्या लग्नाहून बारा वाजता येऊन झोपलेलं असतं आणि संध्याकाळी त्याला शिकवू शकतील अशी मंडळी दुसऱ्या लग्नाला निघण्याच्या गडबडीत असतात.

तरीही नगरच्या सावेडी, केडगाव, भिंगार या भागांतल्या विजेच्या खांबांवर मार्चअखेर फलक झळकू लागतात. समर कॅम्प, वय वर्षे ३ ते ६. मड प्ले, सँड प्ले, वॉटर प्ले, नेचर वॉक. फी भरून पोराला चिखलात बसवण्याची ही सोय चांगलीच चालते. माती सकाळी आठ ते साडेनऊ शैक्षणिक असते, तिचे फोटो पालकांच्या ग्रुपवर येतात, त्यांवर अंगठे उमटतात. तेच पोर अकरा वाजता सोसायटीच्या नळाखाली त्याच मातीचा गोळा करताना सापडलं, की तीच आई तीच माती 'घाण' म्हणून हातातून झटकते आणि हाताबरोबर पाठही झटकते. एका दिवसात एवढी बढती-बदली तर महसूल खात्यातही होत नाही.

महसूल खात्याचा विषय निघालाच आहे तर वाळूचंही सांगायला हवं. मुळा, प्रवरा, घोड आणि गोदावरी या नद्यांच्या जिल्ह्यात वाळू ही आता खेळायची वस्तू राहिलेली नाही. तिच्या मागे लिलाव आहेत, पंचनामे आहेत, रात्री दिवे विझवून धावणारे ट्रॅक्टर आहेत. प्ले स्कूलच्या मॅडमना हौदात घालायला चार पाट्या वाळू हवी असली, तरी ती कुठून आली हे विचारायचं नसतं. पूर्वी असा प्रश्नच नव्हता. गल्लीत कुणाचं तरी घर अर्धवट बांधून पडलेलं असायचं आणि त्याच्यासमोर नदीच्या वाळूचा ढीग. त्या ढिगात बोटाच्या पेराएवढे शंख मिळत, शिंपल्या मिळत, गारगोट्या मिळत. खोदत गेलं की आत ओली, गार वाळू लागे आणि पाय पुरून खोपा करता येई. मांजराचाही त्या ढिगावर हक्क असे, तो कुठे बजावलाय हेही खोदूनच कळे. आता बांधकामावर येते ती खडी क्रशरमधून काढलेली क्रश सँड. तिच्यात शंख सापडत नाही. पाय पुरला तर तो खरचटून बाहेर येतो.

समर कॅम्पमधलं हे सगळं नव्याने शोधून काढल्यासारखं विकलं जातं, तेव्हा महाराष्ट्रातल्या दोन बायकांची आठवण काढणं भाग आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मॉन्टेसरीची पद्धत चांगली, पण तिची साधनं महाग. खेड्यातल्या पोराला ती कोण देणार? ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. साधनं म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. वारली मुलं बालवाडीत येईनात, तर या बायका बालवाडी घेऊन पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणात बसल्या. थोडी मोठी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. म्हशी चरताहेत, मुलं शिकताहेत, दोन्हीकडे लक्ष. 'पालकांनी वेळेवर न्यायला यावे' ही सूचना लावण्याची तिथे गरज पडली नसावी. म्हशी घराकडे वळल्या की शाळा सुटली.

युरोपने हे आणखी आधी करून पाहिलं होतं. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे मुलांना बागेत वाफे करून दिले. लंडनच्या डेप्टफोर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ मध्ये उघड्या हवेतली बालशाळा चालवली. डेन्मार्कमध्ये मागाहून, १९५०च्या दशकात, मुलांना रोज रानात नेणाऱ्या बालवाड्या निघाल्या. आता तिथली मुलं पाऊस असो बर्फ असो, बाहेरच. तिथे चुकीची हवा नसते, चुकीचे कपडे असतात असं म्हणतात. म्हणणाऱ्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता जामखेडच्या स्टँडवर उभं राहून म्हणावं.

इकडे सरकारचंही लक्ष आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, अंगणवाड्या गावोगाव गेल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या वयासाठी 'जादुई पिटारा' नावाची पेटी निघाली. तिच्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रं आहेत. पेटी खरोखर चांगली आहे. भीती एवढीच, की काही ठिकाणी अशा पेट्या मुलं खराब करतील म्हणून कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. अशा वेळी मदतनीस मावशी चुलीमागून चिंचोक्यांचा डबा काढते. नगर जिल्ह्यातल्या बालवाड्यांत गणिताचं सर्वांत भरवशाचं साधन अजून तेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये चिंचा फोडून झाल्या की चिंचोके फुकट. ते मोजता येतात, लहान-मोठे निवडता येतात, जमिनीवर मांडून त्यांचा मासा करता येतो. एकच काळजी घ्यायची. वर्गात असा एक शास्त्रज्ञ असतोच, जो चिंचोका नाकात मावतो का हे पाहतो. मावतो. पुढचा पाठ प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो.

पण उन्हाळ्यातला खरा भरगच्च वर्ग भरतो तो गच्चीवर, आणि त्याची फी उलट मुलालाच मिळते.

कुरडयांचा घाट घ्यायचा म्हणजे गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते वाटायचे, पिळून गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा. या तीन दिवसांत घरातलं चार वर्षांचं पोर पातेल्याच्या झाकणाशी किमान दहादा जाऊन येतं. पहिल्या दिवशी गहू कडक. दुसऱ्या दिवशी दाबला की दबतो. तिसऱ्या दिवशी चिमटीत धरला की पच्कन पांढरं बाहेर येतं आणि त्याबरोबर असा आंबूस वास, की पोर नाक धरून पळतं आणि पुन्हा वास घ्यायला परत येतं. वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी चीक घट्ट बसलेला. तो मीठ-हिंग घालून शिजवला जातो तेव्हा आजी पळी उलथीपालथी करत घाम गाळते आणि आजूबाजूला वाट्या घेऊन बसलेली पोरं गरम चिकावर तूप-साखर कधी पडते याची वाट बघतात. उरलेल्या भुश्याच्या भुसवड्या. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हे भाषण आजी करत नाही, करून दाखवते.

मग सकाळी सहाला गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद, कोपऱ्यांवर विटा, आणि सोऱ्यातून कुरडई. मोठ्या बायका फेरा धरून गोल घालतात. पोराला हट्टापायी एक फिरकी मारू दिली, की तिचा जो आकार होतो त्याला भूमितीत नाव नाही. पण ती कुरडई त्याची स्वतःची असते आणि वाळेपर्यंत तो तिच्याकडे तासातासाला जाऊन येतो. सकाळी बोट लावलं तर चिकटते. दहा वाजता वरून सुकी, खालून ओली. दुपारी उलटी करावी लागते. संध्याकाळी तिचा आवाज होतो. पाणी कुठे गेलं, या प्रश्नाला बाबा 'बाष्पीभवन' म्हणतात, आजी 'उन्हानं प्यालं' म्हणते. पोराला आजीचं पटतं.

आणि कावळे. कावळे हाकलायला पोराची नेमणूक होते, हातात काठी, डोक्याला आजोबांचा पंचा, बसायला पाण्याच्या टाकीची सावली. कागदाच्या कडेला काळं फडकं टांगलेलं असतं किंवा जुनी काळी छत्री उघडून ठेवलेली. पहिल्या दिवशी कावळा तिला भितो. दुसऱ्या दिवशी लांबून पाहतो. तिसऱ्या दिवशी छत्रीवर बसून तिथूनच खाली पाहतो. हा सगळा बदल टिपणारा माणूस तीन फूट उंचीचा आहे आणि त्याला तो कुणी टिपायला सांगितलेला नाही. त्याला हे पण कळतं, की डोमकावळा एकटा येतो आणि गावकावळे आधी एकाला पाठवतात.

हिशोब मात्र जुळत नाही. सकाळी आजीने मोजून घातलेल्या कुरडया आणि संध्याकाळी गोळा केलेल्या कुरडया यांत फरक पडतो. उडदाच्या पापडांच्या दिवशी तर लाट्यांमध्येही पडतो. कच्च्या लाटीला तेल लावून ती तोंडात टाकायची आणि तोंड मिटून 'कावळा आला होता' म्हणायचं, हे कौशल्य या वयात येतं. ज्या मुलाला वीसपर्यंत आकडे येत नाहीत म्हणून आई चिंतेत असते, त्याला चोविसातून किती काढल्या तर आजीच्या लक्षात येणार नाही हे बरोबर माहीत असतं.

पाण्याच्या खेळाचं जरा अवघड आहे. भरणं, ओतणं, काय तरंगतं, काय बुडतं, हे सगळं या वयाला हवंच. पण पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेडच्या कोरड्या पट्ट्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात 'वॉटर प्ले' काढणाऱ्या ताईंना गावकरी ताईपणाला जागू देणार नाहीत. तिथे मुलं वेगळ्या बाजूने शिकतात. टँकर आला की आईचा हंडा, बहिणीची कळशी आणि शेंडेफळाच्या हातात तांब्या. कळशीत किती तांबे बसतात हे त्याला तोंडपाठ असतं, कारण एक सांडला की लगेच हिशोब होतो. याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांनी १९९० च्या आसपास सरपंचपद घेतल्यापासून तिथे पाणलोटाची कामं झाली. दरवर्षी पाऊस मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं कोणती घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. गावच पाणी मोजतंय म्हटल्यावर पोरांना मोजमाप वेगळं काय शिकवायचं?

ऊस म्हटला की आणखी काही मुलं आठवतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परततात. त्यांची तीन-चार वर्षांची पोरं सहा महिने कोपीच्या (झोपडीच्या) बाहेर, फडाच्या बांधावर, बैलांच्या पायांजवळ वाढतात. निसर्ग त्यांना चोवीस तास असतो. त्यांना हवी असते ती सावली, कुणीतरी लक्ष ठेवणारं माणूस आणि चार भिंती. बाहेर काढण्याचं कौतुक करताना हे पारड्यात टाकलेलं बरं.

उन्हाळ्यातला विज्ञानाचा सगळ्यांत भारी प्रयोग निसर्गाने नेमका चुकीच्या वेळी ठेवलाय. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य नगरच्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, त्यामुळे दक्षिणेच्या जामखेडला हा दिवस आधी येतो आणि उत्तरेच्या कोपरगावला चार-पाच दिवसांनी. मुलांना टोप्या घालून अंगणात आणा, असं हौशी शिक्षक पालकांना सांगतात. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मधोमध पाण्याची बाटली उभी. सर 'बघा, सावली गेली!' म्हणतात. मोठ्यांचे मोबाइल वर येतात. मुलं बाटलीकडे एकदा बघतात, मग स्वतःच्या पायांकडे, आणि एक कार्टी भोकाड पसरते. तिची सावली हरवलीय आणि ती तिला घरी न्यायचीय. तिला समजावण्यात खगोलशास्त्राचा उपयोग होत नाही, पेप्सीकोल्याचा होतो. संध्याकाळी अंगणात तिची सावली लांबलचक होऊन परत येते, तेव्हा ती तिला रागावते.

सहली काढणाऱ्यांचं आवडतं ठिकाण म्हणजे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. १९८० मध्ये काळविटांसाठी राखलेलं हे अभयारण्य दोन चौरस किलोमीटरहून थोडंसंच मोठं आहे, त्यामुळे चिमुकल्या पायांना परवडतं. बाईंनी आठवडाभर चित्र दाखवून तयारी करून घेतलेली असते: काळा नर, पिळाची शिंगं, पोट पांढरं. सकाळी साडेसातला कळप दिसतो. बाई दबक्या आवाजात विचारतात, 'काय आहे ते?' वर्ग एका सुरात ओरडतो, 'शेळीऽऽ!' कळप पळतो. काळविटाची मादी बदामी रंगाची, बहुधा बिनशिंगांची. कर्जतच्या पोराने तिला शेळी म्हणावं यात चूक त्याची नाही. त्याच्या पुस्तकात जिराफ आहे, पेंग्विन आहे, काळवीट नाही. मग काही मुलं खाली वाकून लेंड्या बघू लागतात आणि बाई 'शी, शी' करत त्यांना उठवतात. वास्तविक काळविटाचा नर आपली हद्द दाखवायला ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतो आणि प्राणिशास्त्राचे अभ्यासक असेच वाकून बसतात. त्यांना कुणी उठवत नाही, उलट पदवी देतात.

आणि मेअखेर, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याचे काजवे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादड्यासारखी झाडं रात्री एका ठेक्यात चमकतात. नर मादीला खुणावत असतो. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. दिव्यांच्या झोताने काजव्यांचा हा सगळा संवाद बिघडतो, म्हणून वनखातं वेळेची, टॉर्चची, फ्लॅशची बंधनं घालतं. या रांगेत नगरहूनही एक कुटुंब असतं. 'त्याला अनुभव द्यायचाय' म्हणून चार वर्षांचं पोर बरोबर. पोराची झोपेची वेळ साडेआठ आणि काजव्यांची भरात येण्याची वेळ त्यानंतरची, हे घरी कुणी ताडून पाहिलेलं नसतं. अकोले गावापर्यंत त्याला 'काजवा येणार, काजवा येणार' करत जागं ठेवलं जातं. राजूरच्या पुढे गाडीचं चाक बसतं. पंक्चरवाल्याच्या टपरीत अर्धा तास. शेवटी झाडाखाली पोचल्यावर बाबा त्याला खांद्यावर उभा आडवा करतात, आई कानात 'बघ ना रे राजा' म्हणते, पोर मान टाकून घोरतंय. मागची गाडी हॉर्न देते.

सोमवारी बालवाडीत बाई विचारतात, सुट्टीत काय पाहिलं? बाकीची मुलं मामाचं गाव, कुल्फी, वरातीचा घोडा सांगतात. हा उठतो आणि हातवारे करून सांगू लागतो: काकांनी चाक काढलं. मग आतलं रबर ओढून काढलं. मग घमेल्यात पाणी होतं, काळं, त्यात बुडवलं, आणि बुडबुड बुडबुड आलं! जिथं बुडबुड आलं तिथं भोक. काकांनी तिथं काडी खोचली. मग घासलं, चिकटवलं, दाबलं.

घरी त्यानंतर आठवडाभर बादली मोकळी मिळत नाही. सायकलची ट्यूब, फुगा, आजोबांच्या गरम पाण्याच्या शेकाची रबरी पिशवी, आईची पर्स, सगळं बुडवून तपासलं जातंय. पर्समधूनही बुडबुडे आले. आईला त्याने लगेच सांगितलं, भोक आहे.